विजेवरची मोटार कोणाच्या दारी?

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या मोरिवलीचा दिवस कारखान्यांच्या पाळ्यांवर उगवतो आणि मावळतो. सकाळची पाळी भरण्याच्या सुमारास येथील रस्त्यांवर रिक्षा, दुचाक्या, टेम्पो, कामगारांना आणणाऱ्या बसगाड्या आणि मोटारी यांची एकच दाटी होते. या दाटीत अलीकडे हिरव्या रंगाच्या क्रमांकपाटीची वाहने अधूनमधून दृष्टीस पडू लागली आहेत. खाजगी वाहन असेल तर हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे आणि भाड्याचे असेल तर पिवळी, ही विजेवर चालणाऱ्या वाहनांची खूण केंद्र शासनाने २०१८ साली ठरवून दिली. दुचाक्यांत ही खूण बरीच दिसते, मोटारींत मात्र क्वचितच. देशात २०२४-२५ या आर्थिक वर्षात विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी विजेवरील मोटारींचे प्रमाण सुमारे अडीच टक्के होते. म्हणजे चाळीस ग्राहकांतील एकाने ही मोटार घेतली आणि एकोणचाळीस जणांनी घेतली नाही.

हा चाळिसावा ग्राहक कोण, आणि उरलेल्या एकोणचाळीस जणांपैकी कोण लवकर त्याच्या मागोमाग जाईल, हा प्रश्न केवळ मोटार विकणाऱ्यांच्या कुतूहलाचा नाही. चार्जिंगची सोय कोठे करावी, सार्वजनिक पैसा कोणासाठी खर्चावा, गृहनिर्माण संस्थांना कोणते नियम लावावेत, या सर्वांचे उत्तर त्यात दडलेले आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या जोडगावांचा पट्टा या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष सोयीचा आहे. कारण कारखानदार, नोकरदार, व्यापारी, वाहनचालक आणि मूळचे ग्रामस्थ असे ग्राहकांचे जवळजवळ सर्व प्रकार येथे काही मैलांच्या परिसरात नांदतात.

विजेवरचा प्रवास नवा नाही

या भागातील माणसाला विजेवरच्या प्रवासाचे अप्रूप वाटण्याचे खरे तर कारण नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईचे बोरीबंदर आणि कुर्ला यांच्या दरम्यान देशातील पहिली विजेची आगगाडी धावली. १९३० साली सुरू झालेली दख्खनची राणी विजेच्या इंजिनाने याच अंबरनाथ-बदलापूरच्या रुळांवरून पुण्याकडे जाऊ लागली. बदलापूरहून मुंबईला जाणारा चाकरमानी रोज जाऊन येऊन सव्वाशे किलोमीटरहून अधिक प्रवास विजेवरच करतो. मुंबई शहरात तर विजेची ट्राम १९०७ पासून १९६४ पर्यंत धावत होती.

रस्त्यावरच्या विजेच्या वाहनांचे प्रयोगही महाराष्ट्राला अपरिचित नाहीत. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेने गेल्या शतकाच्या अखेरीस विजेवरील सायकलरिक्षा तयार केली होती. आज देशात विकल्या जाणाऱ्या विजेवरील मोटारींपैकी अनेक मोटारी पुणे जिल्ह्यातच बनतात. टाटांची नेक्सॉन ही मोटार जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली, ती रांजणगावच्या कारखान्यातून. महिंद्रांच्या नव्या मोटारी चाकणला तयार होतात. बजाजची विजेवरील चेतक स्कूटरही जानेवारी २०२० पासून पुण्यात मिळू लागली.

तेव्हा अडचण विजेची नाही आणि यंत्राचीही नाही. आगगाडीच्या प्रवाशाला वीज कोठून येते याचा विचार करावा लागत नाही. मोटारीच्या मालकाला मात्र तो रोज रात्री करावा लागतो. या एका फरकातून पुढील सारे प्रश्न निर्माण होतात.

संकरित बियाण्याचा धडा

नवी वस्तू समाजात कशी रुजते याचा शास्त्रशुद्ध अभ्यास मोटारीपासून नव्हे, मक्याच्या बियाण्यापासून सुरू झाला. अमेरिकेतील आयोवा राज्यात शेतकऱ्यांनी संकरित मका कसा स्वीकारला याविषयीचे रायन आणि ग्रॉस या संशोधकांचे काम १९४३ साली प्रसिद्ध झाले. एव्हरेट रॉजर्स या समाजशास्त्रज्ञाने १९६२ साली या आणि अशा अनेक अभ्यासांच्या आधारे एक सर्वसाधारण मांडणी केली. तिच्यानुसार कोणत्याही समाजात सुमारे अडीच टक्के माणसे धाडसाने नव्याच्या मागे जातात. साडेतेरा टक्के माणसे विचारपूर्वक पण लवकर निर्णय घेतात आणि शेजारीपाजारी त्यांचा सल्ला मानतात. त्यानंतर चौतीस टक्के सावधपणे येतात, आणखी चौतीस टक्के इतरांनी घेतले म्हणून घेतात आणि अखेरचे सोळा टक्के अगदी नाइलाज झाल्यावर वळतात.

महाराष्ट्रातील पंचायत सदस्यांना आणि शिक्षकांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही. १९६० नंतरच्या दशकात संकरित ज्वारी गावोगाव आली तेव्हा हेच घडले. कृषि अधिकाऱ्याच्या भाषणापेक्षा बांधापलीकडच्या शेतातले कणीस अधिक बोलके ठरले. नवी वस्तू जुनीपेक्षा फायद्याची आहे काय, आपल्या राहणीत बसते काय, वापरायला सोपी आहे काय, थोड्या प्रमाणावर करून पाहता येते काय आणि तिचा परिणाम डोळ्यांना दिसतो काय, हे पाच प्रश्न रॉजर्सने महत्त्वाचे मानले आहेत.

विजेवरच्या मोटारीची अडचण चौथ्या प्रश्नाशी येते. नवे बियाणे एका वाफ्यात पेरून पाहता येते. दहा लाख रुपयांची मोटार अर्धी घेऊन पाहता येत नाही. म्हणून जो ग्राहक चूक झाल्यास ती सोसू शकतो, ज्याच्या घरी दुसरे वाहन आहे किंवा ज्याने विजेची दुचाकी आधी वापरून पाहिली आहे, तो प्रथम पुढे येतो. नॉर्वेमध्येही आरंभीचे ग्राहक बहुधा दोन मोटारी बाळगणारे, सुशिक्षित, बऱ्या उत्पन्नाचे आणि स्वतःच्या घरापुढे गाडी उभी करणारे असेच होते. आपल्याकडे या दुसऱ्या मोटारीचे काम काही अंशी स्कूटर करीत आहे. ज्या घरात विजेची स्कूटर दोन पावसाळे सुखरूप पार करते, त्या घरातील विजेविषयीची भीती निम्म्याने कमी झालेली असते.

हिशेब किलोमीटरचा

विजेवरची मोटार खरेदीच्या वेळी महाग आणि चालविण्यास स्वस्त पडते. पेट्रोलच्या इंजिनात इंधनातील ऊर्जेचा जेमतेम पाव भाग चाकांपर्यंत पोहोचतो. विजेच्या मोटारीत हेच प्रमाण बॅटरीतील ऊर्जेच्या पाऊणपटीहून अधिक असते. शिवाय वाहतुकीत खोळंबून उभी असताना ती इंधन जाळीत नाही आणि वेग कमी करताना थोडी वीज परत मिळविते. कल्याण-बदलापूर मार्गावर सायंकाळी अडकून पडणाऱ्या वाहनचालकास या गुणाचे मोल सांगावे लागत नाही.

परंतु स्वस्त चालविण्याचा लाभ ज्याची गाडी धावते त्यालाच होतो. उदाहरणादाखल एक साधा हिशेब मांडता येईल. पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि लहान मोटार एका लिटरमध्ये १६ किलोमीटर जाते असे धरल्यास दर किलोमीटरला साडेसहा रुपये खर्च येतो. घरच्या विजेचा दर युनिटला १२ रुपये धरला आणि चार्जिंगमधील घट वजा जाता एका युनिटवर ६ किलोमीटर मिळाले, तर खर्च किलोमीटरला दोन रुपये येतो. बचत साडेचार रुपयांची. दोन सारख्या मोटारींच्या किंमतीत तीन लाख रुपयांचे अंतर असेल, तर ते भरून निघण्यास सुमारे ६७ हजार किलोमीटर गाडी चालली पाहिजे.

आता हा आकडा या परिसरातील तीन ग्राहकांना लावून पाहावा. पहिला ग्राहक बदलापूरचा नोकरदार. तो रोज लोकलने मुंबईला जातो. मोटार काढतो ती रविवारी आणि सणावाराला. वर्षाकाठी त्याची गाडी पाच हजार किलोमीटर चालते. त्याचे तीन लाख रुपये फिटण्यास तेरा वर्षांहून अधिक काळ लागेल. बहुतेक उत्पादक बॅटरीची हमी देतात ती आठ वर्षांची किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची. तेव्हा या गृहस्थाने पेट्रोलची मोटार घेतली तर त्यास कोणी अडाणी म्हणू नये. त्याचा हिशेब बरोबर आहे.

दुसरा ग्राहक मोरिवलीत लहानसा कारखाना चालविणारा उद्योजक. बँक, पुरवठादार, तळोजा किंवा ठाणे येथील गिऱ्हाईक अशा फेऱ्यांत त्याची गाडी दिवसाला साठ किलोमीटर आणि वर्षाला अठरा हजार किलोमीटर धावते. त्याचे अंतर पावणेचार वर्षांत भरून निघते. खाजगी दवाखाने सांभाळणारे डॉक्टर, विमा प्रतिनिधी, बांधकामांवर देखरेख करणारे अभियंते हे याच वर्गात मोडतात. तिसरा ग्राहक भाड्याची मोटार चालविणारा. त्याची गाडी दिवसाला दीडशे किलोमीटर फिरते असे मानले तर दीड वर्षातच हिशेब जुळतो.

यावरून पहिला निष्कर्ष असा निघतो की, विजेवरच्या मोटारीचा ग्राहक उत्पन्नावरून जेवढा ओळखता येतो त्याहून अधिक तो रोजच्या फेऱ्यांवरून ओळखता येतो. ज्याच्या फेऱ्या ठरलेल्या, रोजच्या, पुरेशा लांब आणि तरीही एका चार्जिंगच्या आवाक्यातल्या, तो या वाहनाचा स्वाभाविक ग्राहक होय.

खरा प्रतिस्पर्धी सीएनजी

वरील हिशेबात एक दुरुस्ती आवश्यक आहे. या पट्ट्यातील भाड्याच्या मोटारी आणि रिक्षा पेट्रोलवर धावत नाहीत. त्या बहुतांशी सीएनजीवर धावतात. सीएनजी किलोला ८० रुपये आणि किलोमागे २५ किलोमीटर असे धरल्यास खर्च किलोमीटरला तीन रुपये वीस पैसे येतो. विजेच्या दोन रुपयांशी तुलना केल्यास बचत अवघी एक रुपया वीस पैसे उरते. सीएनजीची मोटार पेट्रोलच्या मोटारीपेक्षा महाग असल्याने किंमतीतील अंतर दोन लाखांवर आले असे मानले, तरी ते भरून निघण्यास १ लाख ६७ हजार किलोमीटर, म्हणजे भाड्याच्या मोटारीला पावणेचार वर्षे लागतात. आणि चालकाने घरच्या विजेऐवजी सार्वजनिक केंद्रावर युनिटला वीस रुपये मोजले, तर त्याचा खर्च किलोमीटरला तीन रुपये तेहतीस पैसे, म्हणजे सीएनजीपेक्षाही अधिक होतो. मग बचतच उरत नाही.

दुसरा निष्कर्ष येथे स्पष्ट होतो. भाड्याची मोटार चालविणारा सर्वांत अधिक धावतो खरा, परंतु स्वस्त वीज रात्री हाताशी असेल तरच तो विजेकडे वळेल. म्हणजे प्रश्न पुन्हा रात्रीच्या मुक्कामाशी येऊन थांबतो.

गाडी रात्री कोठे उभी राहते?

साधारण तीस युनिट क्षमतेची बॅटरी घरातील पंधरा अँपिअरच्या जोडणीवर भरण्यास दहा तासांच्या आसपास वेळ लागतो. रात्री अकरा ते सकाळी सात या आठ तासांत सुमारे चोवीस युनिट भरतात आणि त्यावर एकशे चाळीस किलोमीटरचा प्रवास होतो. रोजच्या कामास हे पुरेसे आहे. त्यासाठी कोणतेही मोठे केंद्र लागत नाही. लागते ती गाडी उभी करण्याची हक्काची जागा आणि तेथपर्यंत पोहोचलेली सुरक्षित तार. या कसोटीवर परिसरातील वस्त्यांचे चार प्रकार पडतात.

पहिला प्रकार कारखान्यांच्या आवारांचा. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली आणि त्यानंतर अंबरनाथ-बदलापूरचा औद्योगिक पट्टा वाढत गेला. येथे प्रत्येक कारखान्यास स्वतःचे आवार, पहारा आणि विजेची मोठी जोडणी असते. मालकाची व अधिकाऱ्यांची गाडी दिवसा आठ-नऊ तास तेथेच उभी असते. छपरावर सौर पट्ट्या असतील तर दिवसाची वीज थेट गाडीत जाते. या परिसरात विजेवरच्या मोटारीसाठी सर्वांत तयार जागा हीच आहे.

दुसरा प्रकार मोरिवलीसारख्या मूळच्या गावठाणांतील घरांचा. येथे अंगण असते, ओटी असते आणि वीजमीटर स्वतःच्या नावावर असतो. चार्जरसाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. जुन्या घरातील तारा आणि जमिनीत पुरलेले अर्थिंग हे तेवढे जाणकार तारतंत्र्याकडून तपासून घ्यावे लागते. ज्या ग्रामस्थांच्या गाड्या कारखान्यांत भाड्याने लागतात, त्यांना ही सोय विशेष उपयोगी पडणारी आहे.

तिसरा प्रकार अंबरनाथ आणि बदलापूर येथील नव्या गृहसंकुलांचा. येथे गाडी सदनिकेच्या खाली आणि मीटर जिन्याजवळ असतो. मधली तार कोठून न्यावी, आग लागल्यास जबाबदारी कोणाची, एकाला परवानगी दिली तर उद्या वीस जण मागतील त्याचे काय, असे प्रश्न संस्थेच्या सर्वसाधारण सभेत उभे राहतात आणि विषय पुढच्या सभेवर जातो. नव्या इमारतींतील वाहनतळाच्या वीस टक्के जागा चार्जिंगयोग्य असाव्यात अशी सुधारणा केंद्राने आदर्श बांधकाम उपविधींत फेब्रुवारी २०१९ मध्ये केली. जुन्या इमारतींचा प्रश्न मात्र सभासदांच्या समजूतदारपणावरच सुटणार आहे. येथील संभाव्य ग्राहक पैशाअभावी नव्हे, ठरावाअभावी अडून राहतो.

चौथा प्रकार उल्हासनगरचा. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकींभोवती वाढलेल्या या दाट शहरात घराखालीच दुकान वा कारखाना असतो आणि गाडी मिळेल तेथे रस्त्याच्या कडेला उभी राहते. येथील व्यापारी हिशेबात पक्का आणि नव्या धंद्यास न डगमगणारा आहे. रॉजर्सच्या वर्गवारीत तो पहिल्या रांगेत बसावा. पण तिसऱ्या मजल्यावरून रस्त्यावर तार सोडता येत नाही आणि सोडूही नये. त्याच वस्त्यांत भाड्याच्या मोटारींचे चालकही राहतात.

या चार वस्त्या एकत्र पाहिल्या म्हणजे या विषयाचा गाभा ध्यानात येतो. ज्यांच्या दारात प्लग आहे त्यांच्यापैकी अनेकांची गाडी आठवडाभर उभी असते. आणि ज्यांची गाडी दिवसभर धावते त्यांच्यापैकी अनेकांच्या दारात प्लग नाही. पहिल्याने विजेवरची मोटार घेतली तर ती हौस ठरते. दुसऱ्याने घेतली तर रस्त्यावरचा धूर खरोखर कमी होतो आणि एका कुटुंबाचे उत्पन्न वाढते. सार्वजनिक प्रयत्न दुसऱ्यासाठी अधिक व्हावयास हवेत, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

मनातील शंका

हिशेब जुळला आणि जागा मिळाली तरी ग्राहक थबकतो, कारण मोटार ही केवळ रोजच्या फेऱ्यांसाठी घेतली जात नाही. या भागात कोकण आणि घाटमाथ्यावरून आलेल्या कुटुंबांची संख्या मोठी आहे. गणपतीला आणि मे महिन्यात गावी जाणे हा त्यांच्या वर्षाचा ठरलेला भाग असतो. सिंधुदुर्गापर्यंतचा चार-पाचशे किलोमीटरचा प्रवास, सोबत मुले व वृद्ध, आणि सर्वांनी एकाच दिवशी निघावयाचे. अशा वेळी वाटेतल्या केंद्रावर आपल्यापुढे किती गाड्या असतील, ही चिंता अवाजवी नाही. वर्षातील दोन प्रवासांसाठी उरलेल्या तीनशे दिवसांची निवड ठरते ती अशी. ज्यांचे गाव जवळ आहे, किंवा जे गावी आगगाडीने अथवा एसटीने जातात, ते विजेकडे लवकर वळतील.

दुसरी शंका पावसाची. उल्हास नदीच्या पुरात २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली, ही आठवण येथे ताजी आहे. आजच्या अनेक मोटारींच्या बॅटऱ्या एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकतील अशा चाचणीतून गेलेल्या असतात. याचा अर्थ पुरात गाडी घालावी असा मात्र नाही. चार्जरची पेटी पुररेषेच्या वर बसविणे, पाणी चढू लागताच जोडणी बंद करणे आणि पाण्यात बुडालेली गाडी तपासणीपूर्वी चार्जिंगला न लावणे ही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. २०२२ साली विजेवरील दुचाक्यांना आगी लागल्याच्या घटनांनंतर केंद्राने बॅटरीच्या सुरक्षिततेचे निकष कडक केले आणि ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले.

तिसरी शंका बॅटरीच्या आयुष्याची आणि गाडीच्या फेरविक्रीची. जगभरात बॅटरीची किंमत २०१० साली दर किलोवॉट-तासाला हजार डॉलरहून अधिक होती. २०२४ साली ती सरासरी ११५ डॉलरच्या आसपास आली. ग्राहकास ही बातमी दिलासा देते आणि संभ्रमातही टाकते. उद्या स्वस्त मिळणार असेल तर आज का घ्यावी, असे तो विचारतो. जुन्या गाड्यांचा बाजार जसजसा वाढेल तसतशी ही शंका निवळत जाईल.

चौथी बाब वीजबिलाची. महिन्याला हजार किलोमीटर चालणारी गाडी सुमारे १६५ युनिट घेते. ज्या घरात पूर्वी दीडशे युनिट लागत होते ते घर तीनशेच्या पुढील टप्प्यात जाते आणि वरचा दर लागू होतो. घरगुती मीटरवर चार्जिंग करावयाचे की त्यासाठी वेगळी जोडणी घ्यावयाची, याचा विचार मोटार घेण्यापूर्वी करावा. मंजूर भारही पुरेसा आहे किंवा नाही, हे महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्यावे.

धोरणाने काय साधते

ग्राहकाची प्रवृत्ती जन्मजात नसते. नियम बदलले की ती बदलते. बंगलोरला तयार झालेली रेवा ही छोटी मोटार २००१ साली बाजारात आली. आपल्या देशात तिचा फारसा प्रसार झाला नाही. लंडनमध्ये मात्र शहराच्या मध्यभागी शिरण्याचा कर विजेवरील वाहनांना माफ असल्याने तिला ग्राहक मिळाले. मोटार तीच होती. नियम वेगळे होते. नॉर्वेने पेट्रोलच्या मोटारींवर जबर कर ठेवून विजेवरील मोटारींना तीन दशके सवलत दिली. २०२४ साली तेथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के विजेवरच्या होत्या.

भारतात १ ऑगस्ट २०१९ पासून विजेवरील वाहनांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला. केंद्राच्या फेम योजनेचा दुसरा टप्पा एप्रिल २०१९ ते मार्च २०२४ या काळात राबविला गेला. ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत दुचाकी, तीनचाकी, रुग्णवाहिका, ट्रक, बसगाड्या आणि चार्जिंग केंद्रे यांचा समावेश आहे. खाजगी मोटारीच्या खरेदीस मात्र या योजनांतून थेट अनुदान नाही. उलट २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल व सीएनजी मोटारींवरील कर १८ टक्क्यांवर आल्याने किंमतीतील अंतर काहीसे वाढले आहे.

महाराष्ट्र शासनाने २०१८, २०२१ आणि २०२५ साली विद्युत वाहन धोरणे जाहीर केली. चालू धोरणाची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू येथे विजेवरील मोटारींना व बसगाड्यांना पथकर माफ करण्याची तरतूद त्यात आहे. अटल सेतूवर ती ऑगस्ट २०२५ मध्ये अंमलात आली. शासकीय व निमशासकीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांनी घ्यावयाची वा भाड्याने लावावयाची नवी वाहने विजेवरील असावीत, असा निर्णय १ जानेवारी २०२२ पासून लागू करण्यात आला. भाड्याच्या विजेवरील वाहनांना परवान्यातून सूट २०१८ सालापासून आहे. राज्य परिवहन महामंडळाची पहिली विजेवरील बस, शिवाई, १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली.

या सवलतींची छाननी केल्यास असे दिसते की, लांब धावणारा, भाड्याने चालणारा आणि कार्यालयीन वापराचा ग्राहक धोरणाच्या दृष्टीने पुढच्या रांगेत आहे. वरील हिशेबही हेच सांगतो.

स्थानिक संस्थांपुढील काम

उरतो तो प्लग. त्याची सोय करण्यास मुंबई-दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. चार्जिंग ही वीजविक्री नसून सेवा आहे आणि त्यासाठी वीज वितरणाचा परवाना लागत नाही, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. नगरपरिषद, ग्रामपंचायत, सहकारी संस्था किंवा एखादा दुकानदारही केंद्र चालवू शकतो. मंडईचे आवार, शाळेचे वा समाजमंदिराचे मैदान, पालिकेचा वाहनतळ या जागा रात्री बहुधा रिकाम्या असतात. तेथे पहारा ठेवून मंद गतीचे दहा-बारा चार्जर बसविले आणि रात्रीचा दर घरच्या दराजवळ राखला, तर बराकीत राहणाऱ्या चालकालाही अंगणवाल्या ग्रामस्थासारखीच सोय मिळेल. शीघ्र चार्जिंगच्या मोठ्या केंद्रापेक्षा हा खर्च पुष्कळच कमी आहे आणि लाभ अधिक गरजूंना पोहोचणारा आहे.

गृहनिर्माण संस्थांनी एकेका सभासदाच्या अर्जावर वाद घालण्याऐवजी संपूर्ण वाहनतळासाठी तारांची एकच आखणी करून ठेवावी आणि मोजणी स्वतंत्र मीटरवर करावी. कारखान्यांनी आपल्या आवारातील चार्जर रात्रीच्या वेळी कंत्राटी गाड्यांना खुले करावेत. त्या गाड्या कामगारांनाच आणतात. शिक्षकांना वरील हिशेब वर्गात गणित म्हणून सोडवून घेता येईल. वडिलांची गाडी वर्षाला किती किलोमीटर धावते, हा प्रश्न घेऊन घरी गेलेला विद्यार्थी कोणत्याही जाहिरातीपेक्षा प्रामाणिक सल्लागार ठरेल. पंचायत सदस्यांनी आपल्या गावातील भाड्याच्या गाड्यांची आणि त्या रात्री जेथे उभ्या राहतात त्या जागांची यादी करावी. पहिला चार्जर कोठे बसवावा हे त्या यादीवरून कळेल.

विजेवरची मोटार सर्वांनी आजच घ्यावी असे नाही. रविवारी गाडी काढणाऱ्याने आपल्या हिशेबाने थांबावे, आणि लोकलने जाणारा तर विजेवरच जात आहे. परंतु ज्याचे पोट चाकांवर चालते आणि ज्याला रोजचा रुपया मोलाचा आहे, त्याला केवळ एका प्लगअभावी जुन्या वाहनाशी बांधून ठेवणे परवडणारे नाही. मोरिवलीच्या रस्त्यावर सकाळच्या पाळीला हिरव्या पाट्यांची संख्या वाढलेली पाहावयाची असेल, तर त्यांवर पांढऱ्या अक्षरांइतकीच पिवळी अक्षरेही दिसली पाहिजेत.